बाईंनी नाव कापलं नाही

आमच्या बाई हजेरी घेताना वर्गात नसलेल्यांसाठीही थांबायच्या. "स्नेहल दत्ताराम घाडी," असं पूर्ण नाव घ्यायच्या, मान वर करायच्या आणि दाराकडे बघायच्या. एक श्वास आत जाऊन बाहेर येईल एवढा वेळ. दारात कोणी नसायचं. मग मस्टरला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल उचलून त्या 'गै' लिहायच्या आणि पुढचं नाव घ्यायच्या. ही स्नेहल घाडी तोवर दीड वर्ष वर्गात फिरकलेली नव्हती. मस्टरवरच्या तेवीस नावांपैकी चौदा नावं तशीच होती. येणारे आम्ही नऊ जण. नऊ जणांची हजेरी संपायला पाच-सहा मिनिटं लागायची. पहिल्या दिवशी सगळे हसायचे, मीही हसले होते. आठवड्याभरात हसू जायचं आणि बाईंबरोबर आम्हीही दाराकडे बघायला लागायचो.

अख्खं विद्यापीठ त्यांना मस्टरबाई म्हणायचं. कोणी तोंडावर म्हटलं तरी त्यांना राग नव्हता. 'मॅडम' म्हटलेलं मात्र आवडायचं नाही. "मॅडम खालच्या मजल्यांवर असतात, एसीत. मी बाई आहे." नाहूर स्टेशनच्या पश्चिमेला आमची काचेची सहा मजली इमारत होती. खालचे पाच मजले व्यवस्थापन, माध्यमं आणि संगणक यांचे. सहाव्या मजल्यावर लिफ्टच्या मशीनशेजारी एक खोली इतिहास विभागाची. लिफ्ट हलली की भिंत थरथरायची आणि बाई वाक्य अर्धवट सोडून थांबायच्या. एकोणीस वर्षं त्या तिथे तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. म्हणजे दर जूनला नवं पत्र आणि दर एप्रिलला सुट्टी. विभागप्रमुख त्याच, शिक्षक त्याच आणि फळा पुसणाऱ्याही त्याच.

मी तिथे आले ती पत्रकं वाचून तयार झालेली. आमचं घर विक्रोळी पार्कसाइटच्या चढावर. माझे पप्पा डिसेंबरात दादरच्या समुद्राजवळ आणि एप्रिलात वस्त्या-वस्त्यांतून पुस्तिकांचा स्टॉल लावायचे, अजूनही लावतात. आमच्या घरात पलंगाखाली भांडी नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. मी अक्षरओळख त्यांच्यावर केली. पप्पा म्हणायचे, "खाली नाव नसेल तर ती चिठ्ठी. नाव असेल तर पत्रक." उद्गारचिन्ह कुठे द्यायचं हे मला जोडाक्षरांच्या आधी कळत होतं.

त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी वर्गात उभी राहून म्हटलं, "हे विद्यापीठ कामगारांनी उभं केलंय आणि मालकांनी लाटलंय!"

बाईंनी खडू खाली ठेवला. "कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहितीये."

"सगळे म्हणजे कोण? नावं सांग, मी लिहून घेते." त्यांनी खरंच पेन्सिल उचलली. "सगळे नावाचा माणूस मला अजून भेटायचाय गं. तुला भेटला तर घेऊन ये, त्याला प्रवेश देऊ. आपल्याला विद्यार्थी हवेच आहेत."

वर्ग हसला. माझे कान तापले. मला वाटलं, ही बाई मालकांची आहे. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, "तू म्हणालीस ते बरोबर असेल. पण बरोबर असणं पुरत नाही. कोणी सांगितलं ते खाली लिही. नाहीतर तुझं वाक्य आणि खालच्या ग्रॅनाइटवरचं वाक्य यांत फरक काय?"

खालच्या ग्रॅनाइटवर विद्यापीठाचा इतिहास कोरलेला होता. एका द्रष्ट्या पुरुषाने एक स्वप्न पाहिलं, असं पहिलं वाक्य. मग शाळा, मग कनिष्ठ महाविद्यालय, मग महाविद्यालय, मग विद्यापीठ. प्रत्येक ओळीत त्याच पुरुषाचं नाव आणि शेवटच्या ओळीत सध्याचे कुलपती, म्हणजे त्याचे जावई. बाई रोज त्या दगडासमोरून जायच्या आणि रोज एकदा त्यातलं एक तरी वाक्य मोठ्याने वाचून म्हणायच्या, "कोणी सांगितलं?" सुरक्षारक्षकाला ते पाठ झालं होतं. बाई दिसल्या की तोच आधी म्हणायचा, "कोणी सांगितलं, बाई?"

त्यांनी मला प्रकल्प दिला, आपल्या इमारतीचा इतिहास. आणि एक पत्ता दिला, विक्रोळीतल्या परबकाकांचा. परबकाका तिथल्याच एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, ऐंशीच्या पुढचे, सिंधुदुर्गातले. मी वही उघडून विचारलं, "काका, विद्यापीठ कसं सुरू झालं?" ते खो-खो हसले.

"अगो चेडवा, खयचा विद्यापीठ घेवन बसलंस? दोन बाकडी होती आनि एक फळो. मास्तर म्हंजे आमच्याच खात्यातलो फिटर."

मॅट्रिकला नापास झालेल्या कामगारांसाठी एका चाळीच्या पडवीत संध्याकाळचा वर्ग, ही सुरुवात. फिटर मास्तर हजेरी घ्यायचा. पण कंपनीत पाळ्या. एखाद्याची दुसरी पाळी लागली की तो महिनाभर वर्गात दिसायचा नाही. कोणीतरी म्हणालं, असल्यांची नावं कापून टाका. मास्तर म्हणाला, नाही. काकांनी त्याचं वाक्य मला सांगितलं, आपल्या बोलीत. "पाळी बदलली काय येतलो. नाव कित्याक कापूचा?"

मी धावत बाईंकडे गेले. मला वाटलं, मी काहीतरी शोधून काढलं. बाईंनी शांतपणे पिशवीतून जुनं, कडा कुरतडलेलं मस्टर काढलं. त्या पडवीतल्या वर्गाचं, पहिलं. काचेच्या इमारतीत येताना कार्यालयाने जुने कागद भंगारवाल्याला दिले, तेव्हा त्याच्या हातगाडीवरून बाईंनी ते उचलून घेतलं होतं. मी पानं उलटली. शाईने लिहिलेली नावं, पुढे 'गै'च्या लांबच लांब रांगा, आणि मध्येच महिना-दीड महिन्याने एक 'ह'. एकाही नावावर काट नाही.

"हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"हो. पण मी सांगितलं असतं तर तू काय लिहिलं असतंस? बाईंनी सांगितलं. आता लिही, परबकाकांनी सांगितलं, आणि मस्टर पाहिलं. दोन झाले."

तेव्हा मला बाईंचं ते दाराकडे बघणं कळलं. दर जूनला त्या नवं मस्टर घ्यायच्या आणि आधी जुनी, न येणाऱ्यांची नावं स्वतःच्या हाताने उतरवायच्या, मग नवी. आमच्याकडे एकदा नोंदणी झाली की ती सहा वर्षं चालायची, म्हणून कार्यालयही काही बोलत नव्हतं. उलट त्यांना ते सोयीचं होतं. माहितीपुस्तकात विद्यार्थ्यांची संख्या मोठी दिसायची. कोण सोडून गेलं, का गेलं, हे बाईंना तोंडपाठ होतं. एकाचे वडील गेले आणि तो सामान पोचवायच्या गाडीवर लागला. एकीचं लग्न. एक कांजूरमार्गला गोदामात. "सोडून गेला" असा शब्द कोणी वापरला तर बाई दुरुस्त करायच्या. "सोडून नाही गेला. त्याची पाळी आहे. बदलली की येईल."

मी मनात म्हणायचे, बाई, आता पाळ्या बदलत नाहीत. कंपनीच्या शेडच्या जागी काचेची ऑफिसं आली, आणि जे बाहेर गेले ते बाहेरच राहिले. हे मी एकदा बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "असेल. पण ते त्यांनी ठरवायचं. मी कशाला कापू?"

आणि एकदा खरंच घडलं. मी दुसऱ्या वर्षाला असताना, हजेरी चालू होती. बाई म्हणाल्या, "स्नेहल दत्ताराम घाडी," आणि दाराकडे बघितलं, तर दारात एक मुलगी उभी. घाटकोपरच्या मॉलच्या काउंटरवरचा निळा टी-शर्ट घातलेला, हातात हेल्मेट. तिने नुसतं चौकशीला म्हणून पाऊल टाकलं होतं. आपलं नाव ऐकून ती तिथेच थिजली.

"बाई, माझं नाव आहे अजून?"

"म्हणजे काय? रोज गैरहजर असतेस. बस."

स्नेहल माझ्या शेजारी बसली. तिने हेल्मेट मांडीवरून खाली ठेवलंच नाही. बाईंनी त्या दिवशी 'ह' लिहायला एरवीपेक्षा जास्त वेळ घेतला. स्नेहल चार दिवस आली. आमच्यात खिचडी खाल्ली, नंबर घेतला, "यार, मला वाटलं इथे मला कोणी ओळखणार पण नाही," असं दहा वेळा म्हणाली. पाचव्या दिवशी मॉलमध्ये पाळ्यांचा नवा तक्ता लागला आणि सकाळची सुट्टी गेली. ती परत दिसली नाही. बाई थांबत राहिल्या. मला ते चार दिवस पुरेसे वाटले नव्हते. बाईंना ते पुरले असावेत.

तिसऱ्या वर्षी विद्यापीठात मूल्यांकन समिती यायची ठरली. तुम्ही कुठल्याही कॉलेजात शिकला असाल तर तुम्हाला सांगायला नको. भाड्याने कुंड्या आल्या. वाचनालयातली पुस्तकं पुसली गेली, काही पहिल्यांदाच उघडली गेली. प्रत्येक विभागाला निरोप गेला की मस्टर "पूर्ण" असावीत. पूर्ण म्हणजे 'गै'चं 'ह' करा. सगळ्या विभागांनी केलं. मी स्वतः पाहिलं, खालच्या मजल्यावर चार शिक्षक एका टेबलाभोवती बसून चार वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी वर्षभराची हजेरी लिहीत होते, म्हणजे एका दिवसात लिहिल्यासारखी दिसू नये. हे लोक आम्हाला नीतिशास्त्र शिकवत होते!

आमचे डीन स्वतः सहाव्या मजल्यावर आले. गोड बोलणारे, परफ्यूम लावणारे. "मॅडम, बाकी सगळं झकास आहे. तेवीस स्टुडंट्स, मस्त. तुम्हाला माहितीये ना, वीसच्या खाली गेलं की विभाग बंद करायचा नियम आहे. फक्त आतली हजेरी जरा ॲडजस्ट करा ना. 'गै' पुसून 'ह' करायला किती वेळ लागतो?"

"पुसायला काहीच नाही, पेन्सिलच आहे," बाई म्हणाल्या. "पण मी पेन्सिलीने लिहिते ते चुकलं तर दुरुस्त करता यावं म्हणून. हे चुकलेलं नाही."

डीन हसले आणि गेले. त्यांनी दुसरी सोय केली.

समिती आली त्या सकाळी आमच्या वर्गात चौदा अनोळखी मुलं येऊन बसली. व्यवस्थापनाच्या मजल्यावरून आणलेली, इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्रं उलटी केलेली. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी, चिठ्ठीवर एक नाव. समितीचे तीन सदस्य मागे उभे, शेजारी डीन. बाईंनी नेहमीप्रमाणे मस्टर उघडलं.

"स्नेहल दत्ताराम घाडी."

"येस मॅम," मिशा फुटलेला एक मुलगा उठला.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तू स्नेहल?"

मुलाने चिठ्ठी बघितली, डीनकडे बघितलं. "आज... हो, मॅम."

मला हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दाराकडे बघितलं, एक श्वास थांबल्या, आणि लिहिलं. मी पहिल्या बाकावर होते, मला दिसलं, 'गै'. चौदाही जण 'येस मॅम' म्हणाले आणि चौदाही वेळा बाईंनी दाराकडे बघून 'गै' लिहिलं. समितीच्या एका सदस्याने मागच्या मुलाला विचारलं, "इतिहास का निवडलास?" तो म्हणाला, "सर, प्लेसमेंट चांगलं आहे." सदस्य हसले, डीन हसले, सगळे चहाला गेले. मस्टर कोणी उघडून पाहिलं नाही. विभाग वाचला होता.

हे वाक्य मी पुन्हा लिहिते, कारण त्या वेळी मला ते कळलं नाही. विभाग वाचला होता. बाहेरून मोजणाऱ्यांना तेवीस नावं दिसत होती आणि आत खरं लिहिलेलं होतं. त्या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बाईंनी एकोणीस वर्षं इतिहास विभाग उभा ठेवला होता. खोटं एक अक्षर न लिहिता.

माझ्या पिशवीत मात्र दोनशे पत्रकं तयार होती. 'हजेरीचा बाजार!' असं शीर्षक, उद्गारचिन्हासकट. आठवड्याभरापूर्वी बाई पाणी प्यायला गेल्या असताना मी मोबाइलवर मस्टरचा फोटो काढला होता आणि त्यावरून पत्रक लिहून घाटकोपरला झेरॉक्स करून आणलं होतं. चार रंगांच्या पेनांची गोष्ट, भाड्याच्या कुंड्या, पहिल्यांदाच उघडलेली पुस्तकं, सगळं त्यात होतं. आणि मधोमध चौकटीत मी लिहिलं होतं, 'या विद्यापीठात एकच मस्टर खरं आहे. इतिहास विभाग. नावं तेवीस, हजर नऊ, गैरहजर चौदा. बाकीच्यांनी यातून शिकावं!' खाली माझं नाव, पप्पांच्या शिकवणीप्रमाणे. आणि त्याखाली, बाईंच्या शिकवणीप्रमाणे, 'संदर्भ : इतिहास विभागाचं मस्टर, चालू वर्ष'.

मला वाटत होतं मी बाईंचा सत्कार करतेय. पप्पांनी पत्रक वाचलं आणि म्हणाले, "दणदणीत झालंय." मग पत्रक परत देत, "बाईंना विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? खरंच आहे ना ते."

समितीच्या गाड्या निघाल्या तेव्हा मी गेटवर उभी राहून पत्रकं वाटली. समितीने काचा खाली केल्या नाहीत. मुलांनी फोटो काढले, टाळ्या दिल्या, "जबरी गं" म्हणाली. संध्याकाळपर्यंत ते पत्रक सगळ्यांच्या मोबाइलवर होतं. मी घरी जाताना उड्या मारत चढ चढले.

दुसऱ्या दिवशी डीनच्या खोलीत मला आणि बाईंना बोलावलं. टेबलावर माझं पत्रक होतं. मी भाषण तयार करून गेले होते. डीननी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"मॅडम, हे तुमच्या मस्टरवरून घेतलंय?"

बाईंनी पत्रक हातात घेतलं. त्यांनी ते पहिल्यांदाच पाहिलं, हे मला तेव्हा कळलं. त्या खालपर्यंत वाचत गेल्या, शेवटच्या ओळीवर थांबल्या. "हो."

"आकडे?"

एक शब्द खोटा बोलल्या असत्या तर संपलं असतं. पोरीने बनवलंय, असं म्हणाल्या असत्या तर मला काढून टाकलं असतं आणि विभाग राहिला असता. "आकडे बरोबर आहेत," बाई म्हणाल्या.

"म्हणजे चौदा जण येतच नाहीत. हे आता पब्लिक आहे, मॅडम. मी डोळे झाकू शकत नाही."

"पाळी बदलली की येतील."

डीन खरोखर गोंधळले. "कसली पाळी? इथे कंपनी आहे का? मॅडम, नावं कापा. नऊ उरतात. नऊ म्हणजे नियमाप्रमाणे... सॉरी."

मी ओरडले. बाकीच्या मस्टरांचं काय, चार रंगांच्या पेनांचं काय, तुम्ही मुलं बसवलीत त्याचं काय! डीन शांतपणे म्हणाले, "त्याचा संदर्भ तू दिलेला नाहीस. पत्रकात पुरावा एकाच विभागाचा आहे." बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "बस," त्या म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात मी रडत होते. बाई पत्रक परत वाचत होत्या. दोन ठिकाणी त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. "संदर्भ दिलास, हे बरं केलंस," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच असह्य होतं. मग पत्रकाची घडी घालत म्हणाल्या, "विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाहीस ना?"

मी पप्पांना सांगितलं होतं की त्यात विचारायचं काय. ते खोटं होतं. माझ्या मनात आधीच माहीत होतं, बाई नको म्हणतील. मी मान हलवली.

"हं," बाई म्हणाल्या. एवढंच.

एप्रिलच्या शेवटच्या तासाला कार्यालयातले सावंत वर आले, हातात लाल पेन आणि पट्टी. बाईंच्या सहीने नावं कापलेलं मस्टर त्यांना खाली न्यायचं होतं. बाईंनी सही केली, पण पेन घेतलं नाही. सावंत बरीच वर्षं बाईंना ओळखत होते. ते खालमानेने म्हणाले, "बाई, तुम्ही नका. मी करतो. मला सांगितलंय."

"करा. पण कापायच्या आधी नाव मोठ्याने घ्या. पूर्ण."

सावंतांनी पट्टी ठेवली. "स्नेहल... दत्ताराम घाडी." आणि सवयीने, एवढ्या वर्षांत बाईंच्या वर्गाबाहेरून जाता-येता ऐकलेलं असल्यामुळे असेल, ते थांबले आणि दाराकडे बघितलं. आम्ही नऊ जणांनीही बघितलं. लिफ्ट वर आली, भिंत थरथरली, लिफ्टमधून कोणी उतरलं नाही. सावंतांनी रेघ मारली. असं चौदा वेळा. सातव्या नावाला ते म्हणाले, "बाई, मनात घेऊ का?" बाई म्हणाल्या, "नको. मोठ्याने."

त्यांना जूनचं पत्र आलं नाही. आम्हा नऊ जणांना आपापल्या वेळी पदवी मिळाली, तिच्यावर इतिहास हा शब्द नाही, नुसती कला शाखा. सहाव्या मजल्यावरच्या त्या खोलीत आता रंगीत खुर्च्या आहेत आणि दारावर नवउद्योजक कक्ष अशी पाटी आहे. खालचा ग्रॅनाइट तसाच आहे. सुरक्षारक्षक बदलला. माझं पत्रक कोणाच्याही मोबाइलवर आता नसेल. बाकीच्या विभागांना समितीने उत्तम शेरा दिला. कोणाचंही काहीही वाकडं झालं नाही. ज्या एका माणसाने खरं लिहिलं होतं, तो एकच माणूस माझ्या पत्रकाने हरवला.

मी एकदा बाईंना भेटायला गेले. मुलुंडला एका स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये त्या सामान्य ज्ञान शिकवतात. दारावर बोटांचे ठसे घेणारं यंत्र आहे, हजेरी तेच घेतं. फळ्यावर प्रश्न आणि चार पर्याय. मी मागे उभी राहिले. एका मुलाने विचारलं, "मॅडम, हे उत्तर असंच का?" बाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता विचारतील. बाई म्हणाल्या, "उत्तरपत्रिकेत तसं दिलंय. पर्याय क्रमांक तीन." त्यांना कोणीतरी मॅडम म्हणालं आणि त्यांनी दुरुस्त केलं नाही, हेही माझ्या लक्षात आलं.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" मग पिशवीतून पडवीतल्या वर्गाचं ते पहिलं मस्टर काढलं. "तू ठेव. माझ्या घरी ओल आहे, कागद टिकणार नाही." मी म्हटलं, माझ्याकडे नको, मी त्या लायकीची नाही. त्या कंटाळल्या आवाजात म्हणाल्या, "लायकीचं नाही गं. कोरड्या जागेचं विचारतेय." ते आता आमच्या पलंगाखाली आहे, पप्पांच्या गठ्ठ्यांच्या वर.

मी हल्ली विक्रोळीला, जिथे कंपनीची शेड होती तिथल्या काचेच्या ऑफिसात, कानाला यंत्र लावून लोकांच्या तक्रारी ऐकते. आमच्या पाळ्या दर पंधरा दिवसांनी बदलतात. म्हणजे बाईंचं अगदीच चुकलं नव्हतं, पाळ्या बदलतात. बदलल्यावर जायला जागा, एवढीच उरली नाही.

गेल्या आठवड्यात स्नेहलचा मेसेज आला. 'हाय यार, ओळखलंस का? मॉल सोडला, आता संध्याकाळचं काम लागलंय, सकाळ मोकळी असते. बाई आहेत ना गं? माझं नाव असेल ना अजून?'

आठ दिवस मी उत्तर दिलेलं नाही. चार वेळा लिहिलं आणि पुसलं. विभाग बंद झाला, असं लिहिलं होतं. वरच्या लोकांनी केलं, असंही लिहिलं होतं. दोन्ही खरं आहे, पण त्यात कोणाचंच नाव नाही, म्हणजे पप्पांच्या भाषेत ती चिठ्ठी झाली.

म्हणून आता हे सगळं लिहिलं. स्नेहल, तुझं नाव नाही. लाल शाईने, पट्टी लावून कापलंय, कापताना पूर्ण घेतलं होतं, आणि आम्ही सगळ्यांनी दाराकडे बघितलं होतं. बाईंनी कापलं नाही. कोणी सांगितलं असं विचारशील तर मीच सांगतेय, आणि ते कापलं गेलं तेही माझ्यामुळे.

सुजाता उत्तम वानखेडे, पार्कसाइट.